धर्माच्या गाईचे दात

वऱ्हाडातून परत आल्यावर ओळखीच्या लोकांनी मला दोन प्रश्न विचारले. एक, तिकडे परिस्थिती फार वाईट आहे ना? आणि दुसरा, तू जाड झालीस का? पहिल्या प्रश्नाला मी चेहरा गंभीर करायचे आणि दुसऱ्याला तो आपोआपच व्हायचा. या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते सांगायला वेळ लागतो. म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. मी नेमके तेच मोजायला गेले होते, आणि तेही जाण्यायेण्याचं भाडं घेऊन. झालं होतं असं की, दूरच्या एका देशाचं सरकार मका आणि सोयाबीनचं तयार पीठ पोत्यांत भरून जहाजानं आपल्याकडे पाठवत असे. बंदरावरून ते एका संस्थेकडे यायचं आणि संस्थेकडून तिच्या अकोला-अमरावतीकडच्या बालवाड्यांत जायचं. मुलांना सकाळी वाटीभर गरम खायला मिळावं, इतकाच हेतू. कापसाची ती फार वाईट वर्षं होती. पेपर उघडला की वऱ्हाडातल्या कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव दिसायचं, आणि आम्ही पुण्यातले लोक चहाचा घोट घेत हळहळायचो.

अशात देणाऱ्यांनी विचारलं, आमचं पीठ मुलं खरंच खातात का? खात नसतील, तर पुढच्या जहाजातला वाटा दुसऱ्या कुणाला देऊ. हे पाहून यायला संस्थेला एक जाणकार माणूस हवं होतं. मी पुण्यातल्या एका कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईला स्वयंपाकातलं कळतं असा संस्थेचा समज झाला. आमच्या घरात हा समज कुणाचाही नाही.

काम सोपं होतं. बालवाडीत जायचं, ते पीठ शिजवून मुलं खाताहेत हे डोळ्यांनी पाहायचं, स्वतः चव घ्यायची आणि अहवाल लिहायचा. चव घेण्यासाठी मी घरचा एक स्टीलचा चमचा स्वच्छ रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. दुष्काळी भागात खायचे हाल होतील म्हणून डबाभर चिवडा घेतला. तो चिवडा मी जसाच्या तसा परत आणला आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.

अकोला

अकोल्याला गाडीतून उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. वऱ्हाड म्हणजे ऊन, एवढंच ठाऊक असल्यामुळे मी स्वेटर आणला नव्हता. संस्थेनं ठरवलेली जीप घेऊन रफीकभाई स्टेशनबाहेर उभे होते. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, मफलर कानांवरून घट्ट गुंडाळलेला. मला कुडकुडताना पाहून त्यांनी सीटमागून एक शाल काढून दिली. ती कुणाची होती हे मी विचारलं नाही, आणि नंतर आठवडाभर सोडलीही नाही.

रफीकभाईंच्या घरी वडिलांपर्यंत गाद्या भरायचा धंदा होता. लोक तयार गाद्या घ्यायला लागले तसा तो बसला आणि त्यांनी जीप घेतली. त्या वर्षांत त्यांना एक दिवस उसंत नव्हती. पेपरवाले, टीव्हीवाले, अभ्यास करणारे, अभ्यास करणाऱ्यांवर देखरेख करणारे, सगळे अकोल्यालाच उतरायचे आणि सगळ्यांना गावं पाहायची असायची.

"आपला धंदा मस्त चालून राहिला, मॅडम," ते म्हणाले. "बाकी कोनाचाच नाई."

मग त्यांनी माझ्या जेवणाचं विचारलं. मी ताठ बसून सांगितलं की, मी कामासाठी आले आहे, कुणाकडे जेवणार नाही, नाहीतर अहवालात निष्पक्षपणा राहत नाही. रफीकभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, 'बरं' म्हणाले आणि गाडी सुरू केली.

तेल्हाऱ्याच्या पुढे

तेल्हाऱ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंच्या बाभळींवर कापूस चिकटला होता. गाड्या भरभरून जातात तेव्हा काट्यांना अडकून राहतो. मला ते दृश्य फार काव्यमय वाटलं आणि तसं मी बोललेही. रफीकभाई म्हणाले की, झाडावरचा तेवढाच कापूस भाव विचारत नाही. यानंतर काव्य मी मनातल्या मनातच ठेवलं.

पहिलं गाव तेल्हाऱ्याच्या थोडं पुढे होतं. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. बालवाडी मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या एका खोलीत होती आणि ती वनमालाताई चालवायच्या. चाळिशीच्या, सडपातळ, कपाळाला ठसठशीत कुंकू. माळ्याचं घर, विहिरीजवळच्या तुकड्यात झेंडू आणि वांगी. ती त्यांचे मालक तेल्हाऱ्याच्या बाजारात नेऊन विकत. आम्ही येणार हा निरोप संस्थेनं आधीच दिलेला होता. मुलं तेल लावून, भांग पाडून ओळीनं बसली होती. त्यांनी गाणं म्हटलं, मी टाळ्या वाजवल्या. सगळं अगदी रीतीप्रमाणे चाललं होतं, आणि मग जेवण आलं.

जेवण तीन घरांतून आलं. एका टोपलीत रोडगे होते. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, वरून राख झटकलेले, फोडले की आतून पदर सुटणारे, आणि त्यावर तूप. एका पातेल्यात वांग्यांची भाजी, तिच्यावर बोटभर तर्री. शिवाय वरण, ठेचा आणि पुरणपोळी. मला, रफीकभाईंना आणि ओळीत बसलेल्या प्रत्येक मुलाला तेच. मुलांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं की, मी त्यांना फार आवडले आहे.

कोपऱ्यात पिठाची पोती एकावर एक रचलेली होती. त्यांवर परदेशी अक्षरं, निशाण, आणि हे विकण्यासाठी नाही अशा अर्थाची सूचना. मी ताईंना म्हटलं, हे पीठ शिजवलेलं पाहायचं होतं मला.

"थे जहाजाचं पीठ व्हय," ताई म्हणाल्या. "थे तं रोजचंच हाय."

मग आज तेच का नाही केलं, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे, एवढं साधं कसं कळत नाही, अशा नजरेनं पाहिलं.

"आज तुमी आल्या न."

यापुढे त्या विषयावर बोलण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलं नाही. मी निष्पक्षपणाबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि त्यांनी ताटात रोडगा वाढला. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी घ्या' असं एकदा म्हणतात आणि त्याचं उत्तर 'नको' हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. वऱ्हाडात विचारत नाहीत. ताटात पडल्यावरच कळतं. पहिला रोडगा मी सभ्यतेपोटी खाल्ला. दुसरा का खाल्ला ते मला सांगता येईल. तिसऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चमचा पर्समधून बाहेर आलाच नाही. रोडगे चमच्यानं खात नाहीत.

मी ताईंना आमच्याबरोबर बसा म्हणून आग्रह केला. त्या म्हणाल्या, आमी मागून खातो. निघताना जीपपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, पीठ चालू राहीन ना?"

मी तपासणीच्या आवाजात सांगितलं की, वापर दिसला तर चालू राहील, ताई. वापर दिसला पाहिजे.

त्यांनी मान डोलावली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर झेंडूची फुलं ठेवली.

परतीच्या रस्त्यावर जडावलेल्या पोटानं मी विचार केला. पोट भरलेलं असलं की माझे विचार फार स्वच्छ असतात. जिथं तपासणीला आलेल्या बाईला पुरणपोळी वाढतात, त्या गावाला जहाजाच्या पिठाची काय गरज? पोती तर तशीच रचलेली. मुलं खातात म्हणावं, तर समोर पुरणपोळी खात होती. मला वाटलं, गाईचे दात मी पहिल्याच दिवशी मोजले. माझ्या बुद्धीचं मला कौतुक वाटलं. वाटत राहिलं, ते थेट अकोल्याला पोचेपर्यंत.

अकोटाच्या बाजूला

पुढचे दिवस असेच गेले. एका गावात गोळ्यांची कढी, एका गावात पाटवड्यांचा रस्सा, एका गावात ज्वारीची गरम भाकरी आणि भरीत. प्रत्येक बालवाडीत कोपऱ्यात जहाजाची पोती, आणि प्रत्येक ताईचं तेच उत्तर. आज तुमी आल्या न.

तेव्हा मी युक्ती काढली. एका गावी निरोप न देता जायचं ठरवलं. रफीकभाईंना सांगितलं की, हॉर्न वाजवायचा नाही. त्यांनी मान हलवली, पण चेहरा असा केला की मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

बालवाडीच्या दाराशी पोचले तर आतून पीठ भाजल्याचा आणि कांद्याच्या फोडणीचा खमंग वास येत होता. मुलं ताटल्या घेऊन बसली होती. सापडलं, असं म्हणून मी आत पाऊल टाकलं. तिथल्या ताईंनी मला पाहिलं, आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत पातेल्यावर टोपलं पालथं घातलं.

मी विचारलं, त्यात काय आहे? त्या म्हणाल्या, काई नाई. मी म्हटलं, वास येतोय. त्या म्हणाल्या, शेजारच्या घरून येते. आणि मला चटईवर बसवून त्यांनी गावात धावाधाव सुरू केली. तासाभरानं पिठलं, भाकरी, दही आणि कुठूनसा मागून आणलेला गुळाचा शिरा आला. तोवर मुलं रिकाम्या ताटल्या घेऊन, टोपल्याकडे बघत, उपाशी बसून राहिली. माझ्या युक्तीनं साधलं ते एवढंच. आता मी मुलांच्या तोंडचा घास थांबवणारी अधिकारी झाले होते. शिरा मात्र उत्तम होता, हे लिहिताना मला लाज वाटते आणि लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

अमरावती

अमरावतीला पोचले तेव्हा माझं पोट बंडाच्या तयारीत होतं. औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन दिवस नुसतं ताक-भात घ्या म्हणून सांगितलं. औषध घेऊन बाहेर आले तर समोर गिल्या वड्याची, म्हणजे दही-चटणीत भिजलेल्या वड्यांची गाडी. इथे येऊन गिला वडा खाल्ला नाही तर लोक काय म्हणतील, असा विचार केला. मला तिथं कुणी ओळखत नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. रात्र कशी गेली ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी फोनच्या बूथवरून संस्थेच्या साहेबांना फोन लावला. जे पाहिलं ते सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून विचारलं, म्हणजे एकाही ठिकाणी वापर दिसला नाही? मी म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर तरी नाही. ते म्हणाले, मग तसं लिहा, पुढच्या जहाजाचा वाटा या आठवड्यात ठरतोय, दुसऱ्या जिल्ह्यातले लोक वाट बघतच आहेत.

यात त्यांची काहीच चूक नव्हती. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहा, असं ते सांगणार नव्हते आणि मीही लिहिणार नव्हते. तरी बूथमधून बाहेर येताना मला वनमालाताईंचा तो प्रश्न आठवला. पीठ चालू राहीन ना? माझ्या एका वाक्यानं त्या खोलीतली पोती संपणार होती आणि पुन्हा येणार नव्हती. सकाळी ओळीत बसणाऱ्या मुलांपुढे नंतर काय येणार होतं, मला माहीत नव्हतं. रोज पुरणपोळी येणार नाही, एवढं माझ्यासारख्या बाईलाही कळत होतं. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. इतक्या गावांतल्या इतक्या बायका ठरवून माझ्यापासून एक वाटी पीठ का लपवत होत्या?

मोर्शीहून रिद्धपूर

मोर्शीकडच्या बालवाड्या शेवटच्या होत्या. संत्र्यांचा तो मुलूख. झाडं पिवळ्या फळांनी वाकलेली, आणि रस्त्याकडेला ढीग लावून बसलेल्या बायका. तिथं मला जेवणाआधी संत्री, जेवणानंतर संत्री आणि जीपमध्ये टोपलीभर संत्री मिळाली. पीठ मिळालं नाही.

रफीकभाई म्हणाले, रिद्धपूर जवळच आहे, पाहून जा. महानुभावांचं ते मोठं तीर्थ, आणि आपलं जुनं मराठी गद्य याच परिसरात बाळसं धरून मोठं झालं. पुण्याचं मराठी ते शुद्ध मराठी, या समजात मी वाढलेली. म्हटलं, निदान भाषेच्या माहेरी जाऊन यावं. तिथं सगळे मराठीला मले-तुले करूनच बोलत होते आणि मराठीचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

एका आश्रमाच्या ओसरीवर आम्हाला थांबायला जागा मिळाली. तिथं एक वयस्क तपस्विनी होत्या, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मी 'दंडवत प्रणाम' म्हणून नमस्कार केला. रफीकभाईंनी मला वाटेत शिकवून ठेवलं होतं. मोठ्या बाई नुकत्याच गावातून भिक्षा घेऊन आल्या होत्या. भाकरीचे तुकडे, वरण, भात, कुठल्या घरची उसळ, कुणाकडचं लोणचं, हे सगळं त्यांनी एकत्र कालवलं आणि शांतपणे जेवल्या. मी धंद्याच्या सवयीनं विचारलं, याची चव कशी लागते हो?

"बाई, भिक्षेच्या अन्नाची चव सांगाची नसते," त्या म्हणाल्या. "चांगलं नाई म्हणाचं, वाईट नाई म्हणाचं. खावाचं अन् उठाचं."

माझ्या अहवालात चवीसाठी चांगली अर्ध्या पानाची जागा होती. तरीही, कशी कोण जाणे, मी सगळी कर्मकथा त्यांना सांगून मोकळी झाले. जहाज, पीठ, रोडगे, पालथं घातलेलं टोपलं, गिला वडा, साहेबांचा फोन. एवढं खाऊन मला एक चमचा पीठ मिळत नाही, म्हटलं. मोठ्या बाई हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून बराच वेळ हसल्या.

"तुमी पाहुण्या म्हणून जाता, मंग कसं भेटन? पाहुण्याले घरात नाई थे भेटते, बाई. घरात हाय थे भिक्षेले."

रफीकभाई ओसरीच्या पायरीवर बसून संत्रं सोलत होते. तेही मान खाली घालून हसत होते. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं का, असं मी नंतर जीपमध्ये विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमी इचारलंच नाई. अन् जेवन मले बी भेटून राहिलं होतं."

पुन्हा तेल्हाऱ्याच्या पुढे

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी अकोल्याहून संध्याकाळची होती. मी रफीकभाईंना पहाटेच निघायला लावलं आणि सकाळी आम्ही वनमालाताईंच्या गावाबाहेर पोचलो. जीप मी लिंबाच्या झाडाखालीच थांबवायला सांगितली. रफीकभाईंच्या डब्याचं झाकण मागून घेतलं. ते त्यांनी दोनदा पुसून दिलं. भिक्षेला जायचं तर पर्स नको, घड्याळ नको, असा विचार करून दोन्ही जीपमध्ये ठेवलं. चष्मा ठेवता येईना, कारण त्याशिवाय मला बालवाडी सापडली नसती.

निघताना मोठ्या बाईंनी भिक्षेची रीत सांगितली होती, ती मी मनात घोकत होते. उभं राहून मागायचं, मान खाली ठेवायची. पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी झाकण पुढे करून, भिक्षेला आले आहे, असं सांगितलं. त्यांनी माझ्या इस्त्रीच्या साडीकडे, चपलांकडे आणि अंगावरच्या शालीकडे पाहिलं. मग म्हणाले, वाईट दिवस आले म्हणाचे, अन् देवळाकडे बोट दाखवलं. एक कुत्रं मागं लागलं, ते शेवटपर्यंत होतं.

मी दारात उभी राहिले तेव्हा मुलं ताटल्या घेऊन बसली होती आणि तोच वास येत होता, भाजलेलं पीठ आणि कांदा. मला पाहताच मुलांनी आनंदानं गलका केला. त्यांना पुरणपोळी दिसायला लागली होती. ताईंचा हात टोपल्याकडे गेला.

मी झाकण पुढे केलं आणि तोंडातून शब्द फुटेना. पुण्यात मी शेजारणीकडे कधी विरजणसुद्धा मागितलेलं नाही. मागणं सोपं असतं असं मला तोवर वाटत होतं, कारण मला ते कधी करावं लागलं नव्हतं. कशीबशी म्हणाले, "ताई, मी पाहुणी म्हणून नाही आले. भिक्षेला आले."

"काहून थट्टा करून राहिल्या, मॅडम?"

थट्टा नाही, म्हटलं. मान खालीच ठेवली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसती पावलं दिसत होती. ती पावलं बराच वेळ हलली नाहीत. मग एकदा पोत्यांकडे वळली, एकदा पातेल्याकडे. दारात भिक्षेला आलेलं माणूस रिकामं परत पाठवता येत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी त्यांना पेचात धरलं होतं.

शेवटी टोपलं बाजूला झालं. उकडपेंडी होती. वऱ्हाडात ज्वारीची किंवा गव्हाची करतात तशीच, फक्त जहाजाच्या पिठाची. त्यांनी मुलांना वाढलं आणि मग दोन डाव माझ्या झाकणात घातले. मी ओळीच्या शेवटी मांडी घालून बसले. पुरणपोळी नाही हे कळल्यावर मुलांनी माझ्याकडे जरा रागानं पाहिलं आणि मग खाली मान घालून जेवायला लागली. बोलत नव्हती, सांडत नव्हती, ताटल्या बोटांनी पुसून घेत होती. रोज ज्याची सवय असते त्या अन्नाला माणूस कसा बसतो, ते मला दिसलं. आठवडाभर जे पाहायला मी वणवण केली होती, ते एवढंच होतं. चमचा जीपमध्ये राहिला होता, मी हातानं खाल्लं.

आणि संपवल्यावर, आठवडाभराच्या सवयीनं, मी झाकण पुन्हा पुढे केलं.

ताईंनी पातेल्यात वाकून पाहिलं. डावानं बुडाशी खरवडलं आणि जे निघालं ते सगळं माझ्या झाकणात घातलं. मी तेही खाल्लं.

मुलं हात धुवायला बाहेर गेली. एक छोटी मुलगी मात्र पातेल्यापाशी आली. रोजचा तिचा नेम असावा. ती आत डोकावली आणि म्हणाली, "ताई, तुले काईच नाई राहिलं."

"जाय, हात धू," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं.

आमी मागून खातो. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या ते मला आत्ता कळलं. मुलांचं झाल्यावर पातेल्यात राहील ते त्यांचं जेवण होतं. मला तिथं जमिनीत शिरावंसं वाटलं. म्हटलं, ताई, मला सांगायचं तरी. माझ्याकडे डबाभर चिवडा आहे, तो आणते. त्या नको म्हणाल्या. वऱ्हाडात पहिल्यांदाच कुणीतरी मला एकदाच आणि स्पष्ट नको म्हटलं.

मग त्या पातेल्यापाशी बसल्या आणि बोलल्या. पूर्वी गावात पाहुणा म्हणजे एखाद्याचा जावई, तोही सणासुदीला. आता जीपा येतात. परिस्थिती विचारतात, लिहून घेतात, फोटो काढतात. आल्या पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून गावानं घरांची पाळी लावून घेतली होती. जीप आली की, ज्यांची पाळी त्यांच्याकडून जेवण. माझ्या वेळी तिघांची पाळी एकत्र घेतली होती, कारण पिठाचा निकाल माझ्या हातात आहे असं त्यांनी ऐकलं होतं. मी जितकी मोठी साहेबीण, तितकं जेवण मोठं.

त्या मला सोडायला लिंबाच्या झाडापर्यंत आल्या. या वेळी पिठाचं काही विचारलं नाही. जीपचं दार धरून सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, आता याचं असन तं अशाच या. पाहुण्या म्हणून नोका येऊ. झेपत नाई आमाले."

गावाचं नाव लिहू नका, हेही त्यांनीच सांगितलं. लिहिलं तर आणखी जीपा येतील.

गाडीत बसल्यावर मी अहवाल लिहिला. मुलं पीठ खातात का? खातात, रोज खातात, तपासणीला कुणी आलं नाही तर. प्रमाण पुरेसं आहे का, या प्रश्नापुढे मी लिहिलं: नाही. आज ताईंच्या वाट्याचं मी खाल्लं.

पुढच्या जहाजाची पोती त्या खोलीत पोचल्याचं रफीकभाईंनी मला फोन करून कळवलं. शालीचीही आठवण करून दिली. ती मी धुऊन पाठवली आहे. संस्थेनं अहवालातलं माझं ते वाक्य मात्र काढून टाकलं. तपासणीच्या कागदात 'मी' चालत नाही म्हणे. म्हणून इथे लिहून ठेवते, की ते मीच खाल्लं, आणि दुसऱ्यांदा मागून खाल्लं.

चवीची अर्ध्या पानाची जागा मी कोरी सोडली होती. साहेबांनी दोनदा फोन करून विचारलं, कॉलेजात विचारतात, घरीही विचारतात. मी सांगत नाही.